जुने नाणे वाचावे कसे?

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पुष्कळ घरांत चांदीचे जुने रुपये बाहेर निघतात. एरवी ते पेटीच्या तळाशी, कापडात बांधलेले असतात. त्या दिवशी पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे, अशी रीत. आजेसासूने दिलेले, म्हणून घरची माणसे ते सहसा मोडत नाहीत. पण कधी दुखणे येते, कधी मुलीचे लग्न निघते. मग पुरचुंडी सोनाराकडे जाते. सोनार रुपये तराजूत टाकतो आणि चांदीचा भाव देतो. त्यात एखादा रुपया चांदीच्या कितीतरी पट मोलाचा असला, तरी तोही त्याच भावात जातो. कारण तो वेगळा आहे हे घरात कोणी वाचलेलेच नसते.

याच्या उलटही घडते. हल्ली मोबाइलवर निरोप येतात. "वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे आहे का? दहा लाख मिळतील." "तुमच्या नाण्यावर छपाईची चूक आहे का? घरबसल्या लखपती व्हा." माणूस डबा उलथा करून नाणी शोधतो. समोरचा म्हणतो, "आधी नोंदणीचे दोन हजार भरा." तो भरतो. मग म्हणतो, "आता कराचे पाच हजार भरा." तेही भरतो. पुढे फोन लागत नाही.

एकाने खरे मोल ओळखले नाही आणि दुसऱ्याने खोटे मोल खरे मानले. दोघांनाही एकच गोष्ट कळायला हवी होती. नाण्यावर दिसणारा वेगळेपणा टांकसाळीत झालेला आहे, की नाणे बाहेर पडल्यावर कोणाच्या हातून झालेला आहे? टांकसाळीतला असेल तर त्याला काही मोल असू शकते. नंतरचा असेल तर बहुधा नसते, उलट नाण्याची किंमत त्याने उतरते. हे ओळखायला भिंग, ताणकाटा आणि थोडा धीर एवढे पुरते. आता तुम्हाला अक्षरे वाचता येतात. नाणे हीसुद्धा एक लहानशी पाटीच आहे.

नाणे पाडतात कसे?

नाणे ओतत नाहीत, नाणे पाडतात. आधी धातूची गोल चकती करतात. मग दोन ठसे लागतात, एक खालचा आणि एक वरचा. ठसा पोलादाचा असतो. त्यावर चित्र आणि अक्षरे उलटी आणि खोल कोरलेली असतात. चकती मध्ये ठेवून वरून जोराचा दाब दिला की धातू त्या खोलगट जागेत शिरतो. म्हणून नाण्यावर तीच अक्षरे सुलटी आणि उंच उमटतात. आपण छापा की काटा म्हणतो, त्या या दोन बाजू.

पूर्वी हे काम हाताने चाले. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, वर चकती, तिच्यावर दुसरा ठसा, आणि वरून घणाचा घाव. एका घावात एक नाणे.

शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई अशीच पाडलेली. तिच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति' असे असते. भोवती ठिपक्यांचे गोल कडे. आता गंमत पाहा. दहा शिवराया शेजारी शेजारी ठेवल्या तर दहांची अक्षरे सारखी निघत नाहीत. कुठे 'शिव', कुठे 'सिव'. कुठे 'पति', कुठे 'पती'. कुठे अक्षर जाड, कुठे बारीक. ही काही चूक नव्हे. प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरत असे. ठसा झिजला की दुसरा कोरायचा, आणि दुसरा कोरणारा माणूसही दुसराच असे. शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती. तिच्यातल्या एका जातीला दुदांडी म्हणतात, कारण अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात. असे निरनिराळे ठसे ओळखून त्यांची वर्गवारी करणे हा नाणी अभ्यासणाऱ्यांचा मोठा उद्योग आहे. कोणत्या ठशाची नाणी कुठे सापडतात, यावरून ती कोठे आणि कोणत्या काळी पाडली असावीत याचा ते माग काढतात.

शिवराईवर बहुतेक वेळा सगळी अक्षरे मिळत नाहीत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कडेची अक्षरे चकतीबाहेर जात. कोणी म्हणाले, "हिच्यावर 'श्री' नाही, ही चुकीची आहे, लाखाला जाईल," तर हसून सोडून द्या. उलट जिच्यावर सगळी अक्षरे आणि ठिपक्यांचे कडे पुरते आले आहे तीच दुर्मिळ.

पेशव्यांच्या काळातल्या रुपयांचेही असेच. त्यांवर फारसी अक्षरात दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी रुपया. चांदवडच्या टांकसाळीतला तो चांदवडी. गावोगावी निराळे रुपये चालत, आणि सराफ ते पारखून कमी कसाच्या रुपयावर काही कापून घेत. त्या कापून घेण्याला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तो बट्टा हाच. पारख करताना सराफ रुपयावर बारीक छिन्नीने खूण ठोकी. जुन्या रुपयावर चंद्र, फूल, टिंब अशा खोल खुणा दिसतात त्या सराफाच्या. तीही टांकसाळीची चूक नव्हे.

राणीचा रुपया

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया सुरू केला. मुंबईच्या टांकसाळीत तोवर वाफेची यंत्रे आली होती. रुपयाचे वजन ठरले एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळा आणि रुपया यांची गाठ इतकी पक्की होती की, खेड्यात तोळ्याचे वजन नसले तर काट्यात रुपयाच टाकत.

यंत्र आले तरी ठसे बदलतच राहिले. घरात व्हिक्टोरिया राणीचा रुपया असेल तर तो हातात घ्या. राणीच्या डोक्यावर मुकुट नसेल तर तो कंपनीच्या काळचा. त्यावर १८४० हे साल असते. आता राणीच्या डोक्याकडे पाहा. काही रुपयांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' ही इंग्रजी अक्षरे डोक्यावरून कमानीसारखी सलग गेलेली आहेत. काहींवर डोके मध्ये आल्याने अक्षरे दोन्ही बाजूंना फुटलेली आहेत. सलग अक्षरांचा ठसा आधीचा, फुटलेल्या अक्षरांचा नंतरचा. इंग्रजी येत नसले तरी एवढे डोळ्यांना कळते.

आणि साल? ते १८४०च. कारण कंपनीने पुढची वीस वर्षे रुपयावरचे साल बदललेच नाही! नंतर मुकुटवाल्या राणीचा रुपया आला १८६२ साली. त्याचेही तेच झाले. १८६२ हेच साल रुपयावर पुढे दहा-अकरा वर्षे छापले जात होते. थेट १८७४ सालापासून खरे साल घालू लागले. पण मधल्या काळातल्या मुंबईच्या रुपयांवर सालाजवळ बारीक ठिपके सापडतात. कुठे एक, कुठे दोन, कुठे आणखी जास्त. रुपया नेमका कोणत्या वर्षीचा, हे ओळखण्यासाठी हे ठिपके घातले, असे जाणकार मानतात. काही ठिपक्यांचे रुपये भरपूर मिळतात, काहींचे फार थोडे. म्हणजे वरवर पाहता एकसारखे दिसणारे दोन रुपये, दोघांवर साल तेच, राणी तीच, पण एका ठिपक्याने मोलात फरक. सोनाराच्या काट्याला हा ठिपका कळत नाही.

१८७७ पासून राणीच्या नावापुढे 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी, आले. हे रुपये पुष्कळ आहेत.

डुकराचा रुपया

ठशातल्या लहानशा फरकाने किती खळबळ होऊ शकते, याचा सगळ्यांत मोठा दाखला १९११ सालचा आहे. तो जरा सविस्तर सांगतो.

१९१० साली पाचवा जॉर्ज गादीवर आला. १९११ साली त्याच्या मुखवट्याचे रुपये निघाले. राजाच्या अंगावर झगा आहे, आणि झग्याच्या नक्षीत एका मानाच्या पदकमाळेतला हत्ती कोरला आहे. हत्ती तांदळाच्या दाण्याएवढा. पण ठसा कोरणाऱ्याने त्याची सोंड आखूड केली. रुपया लोकांच्या हातात पडला आणि बोभाटा झाला, "हा हत्ती नव्हे, हे डुक्कर आहे!" मुसलमान डुकराला निषिद्ध मानतात. त्यांनी असा रुपया घ्यायला नकार दिला. सरकारला माघार घ्यावी लागली. एकंदर ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सुमारे ७ लाखच बाजारात गेले होते, आणि त्यांतलेही बरेच परत घेतले. ते आणि टांकसाळीत पडून असलेले बाकीचे रुपये वितळवले. नवा ठसा कोरला. १९१२च्या रुपयावर हत्तीची सोंड चांगली लांब आणि कान स्पष्ट आहेत.

यालाच डुकराचा रुपया म्हणतात. चूक यंत्राची नव्हती, ठसा कोरणाऱ्याच्या हाताची होती. एवढ्या मोठ्या सरकारला दाण्याएवढ्या हत्तीने नमवले, हे वाचून आम्हाला तरी मौज वाटते.

तुमच्याकडे तो आहे का, हे पाहायचे असेल तर आधी साल वाचा. नाण्यावर आकडे इंग्रजी असतात. इंग्रजीत १९११ लिहिले की शेवटी दोन उभ्या काठ्या दिसतात. मग भिंगातून हत्ती पाहा. पाचव्या जॉर्जचे १९१२ ते १९२२ पर्यंतचे रुपये घरोघरी आहेत. त्यांतल्या एखाद्याचा शेवटचा आकडा खरवडून कोणी १९११ केला, तर हत्ती ते उघड करतो. लांब सोंडेचा हत्ती आणि १९११ साल एका रुपयावर आले, की समजावे लबाडी आहे. त्या सालच्या तांब्याच्या पाव आण्यावरही तोच आखूड सोंडेचा हत्ती आहे, हेही ध्यानात ठेवा.

खरी चूक आणि खोटी चूक

आता टांकसाळीत होणाऱ्या चुकांकडे वळू. तुम्ही शंकरपाळ्यांसाठी किंवा पुऱ्यांसाठी मोठी पोळी लाटून वाटीने गोल पाडताना पाहिले असेल. वाटी चुकून आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीला चंद्रकोरीसारखा घास पडतो. टांकसाळीतही धातूच्या पट्टीतून चकत्या अशाच पाडतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की चकतीला घास पडतो, आणि तीच पुढे ठशाखाली जाते. अशी नाणी खरोखर निघतात.

पण कानस घेऊन कोणीही नाण्याला घास पाडू शकतो. मग खरे कसे ओळखायचे? घासाच्या बरोबर समोरची कड पाहा. चकती पाडल्यावर तिचा काठ यंत्रात दोन्ही बाजूंनी दाबून उंच करतात. एका बाजूला घास पडलेला असला की समोरच्या बाजूला दाब नीट बसत नाही. म्हणून खऱ्या चुकीच्या नाण्यावर घासाच्या समोरचा काठ बुटका, पसरट असतो. कानशीने घास पाडणाऱ्याला हे सुचत नाही. त्याच्या नाण्याचा समोरचा काठ चांगला उंच असतो.

दुसरी चूक म्हणजे ठसा सरकणे. चकती नीट मधोमध बसली नाही, तर चित्र एका बाजूला आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर. हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांवर हे नेहमीचेच, त्याचे अप्रूप नाही. यंत्राच्या नाण्यावर असले तर मात्र ते वेगळे. कधी चकती दोनदा दाबली जाते. मग एका अक्षरावर दुसरे अक्षर चढते.

याहून गमतीची चूक म्हणजे नाणी जमवणारे जिला 'लाखी' म्हणतात ती. नाणे पाडले गेले, पण ते ठशाला चिकटून राहिले, खाली पडले नाही. खालून दुसरी चकती आली. तिच्या एका बाजूला खरा ठसा उमटला, आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचा. म्हणून त्या बाजूला तेच चित्र उलटे आणि खोल दिसते, चिखलात पाऊल रुतावे तसे. कोणी दोन नाणी पकडीत धरून दाबली तरी एकाची खूण दुसऱ्यावर उमटते. पण तेव्हा मागची बाजू चेपते आणि तिचे नक्षीकाम बसून जाते. खऱ्या लाखीची सुलटी बाजू धड असते.

आता एक साधी खूण सांगतो. एवढी एक लक्षात ठेवली तरी निम्मे काम झाले. ठसा पोलादाचा असला तरी हजारो घाव सोसून त्याला तडा जातो. तडा म्हणजे ठशावरची खोल भेग. धातू तिच्यात शिरतो, आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. उलट नाण्यावर खिळा ओढला, चाकू लागला, दगडावर घासले, तर रेघ खोल पडते. म्हणून नखाने चाचपून पाहा. ठशाला पडलेल्या तड्याची रेघ नखाला वर लागते. नंतरच्या इजेची रेघ नखाखाली खोल जाते. कोणी नाण्यावरची खोल रेघ दाखवून "ही छपाईची चूक" म्हणाला, तर तो एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड.

ठशाच्या खोलगट अक्षरात तेल, धूळ, धातूचा चुरा साचला तर ते अक्षर नाण्यावर उमटतच नाही किंवा फिकट उमटते. पण अक्षर झिजूनही जाते. फरक असा, की झीज सगळ्या नाण्यावर असते. राणीचे नाक, गाल, केस सगळे घासलेले असेल आणि अक्षरही गेलेले असेल, तर ती झीज. बाकी सगळे नवे कोरे आणि एकच अक्षर नाही, तर ठसा भरलेला होता.

भोकाचा पैसा तुमच्यापैकी काहींनी वडिलांच्या डब्यात पाहिला असेल. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवायचे म्हणून १९४३ साली तो काढला. लोक त्याला वायसर म्हणून वापरू लागले, कारण दुकानातला वायसर पैशाहून महाग! या पैशाचे भोक कधी मध्यावर नसून एका अंगाला सरकलेले आढळते. ती टांकसाळीतली चूक असू शकते. पण भोक वाकडेतिकडे असेल, त्याची कड ओरखडलेली असेल, तर ते कोणी तरी नंतर मोठे केलेले आहे.

सालाखालची खूण ही काही चूक नसते. आजच्या नाण्यावर सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असली तर ते मुंबईचे. चांदणी असली तर हैदराबादचे. गोल टिंब असले तर नोएडाचे. काहीच नसले तर कोलकात्याचे. टिंब जास्तीचे आहे म्हणून ते नाणे विकायला निघालेले लोक आम्ही पाहिले आहेत.

खोटे नाणे

'शोले' चित्रपटातले दोन्हीकडे छापा असलेले नाणे सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात कोणी असे नाणे दाखवले तर त्याचा काठ नखाने तपासा. बहुधा दोन नाणी अर्धी घासून एकमेकांना चिकटवलेली असतात. सांधा सापडतो. फरशीवर वाजवले तर ते बद्द वाजते. खरे नाणे खणखणीत वाजते. आपले वाडवडील रुपया वाजवून घेत ते उगीच नाही.

काही खोटी नाणी ओतीव असतात. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओततात. अशा नाण्याची अक्षरे मऊ, पिठात बोट फिरवल्यासारखी दिसतात. पृष्ठावर बारीक खड्डे असतात आणि काठावर सांध्याची रेघ असते. ओतीव शिवराया तर बाजारात ढिगाने आहेत. चांदीचा रुपया असेल तर आधी वजन करा. ११.६६ ग्रॅमच्या जवळपास भरला पाहिजे, झिजला असेल तर किंचित कमी. लोहचुंबक लावून पाहा, चांदी चिकटत नाही. पण १९४७चा वाघाचे चित्र असलेला रुपया चिकटतो आणि तरी तो खरा आहे, कारण तो चांदीचा नाही, निकेलचा आहे. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मी केली होती, हेही मोडायला जाताना विसरू नका. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया दुर्मिळ आहे. म्हणून १९३८च्या रुपयातला शेवटचा आकडा कोरून तो १९३९ केलेला असू शकतो. भिंगातून शेवटचा आकडा इतर आकड्यांशी ताडून पाहावा.

आणखी एक नाणे खेड्यापाड्यांत फार फिरते. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण किंवा हनुमान, आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. असे नाणे कंपनीने कधीच पाडले नाही. घरात असेल तर देव्हाऱ्यात खुशाल ठेवा, पण त्याला पैसे मोजू नका. आणि तांदूळ ओढून घेणाऱ्या नाण्याची गोष्ट कोणी सांगितली तर उठून घरी या. तांदळात लोखंडाचा कीस घालून हा खेळ करतात. जमिनी विकून या नाण्यामागे लागलेली माणसे आहेत.

चिंच आणि राख

सणाला नाणी चिंचेने, राखेने घासून लखलखीत करायची आपल्याकडे सवय. देवपूजेच्या भांड्यांना ते ठीक. नाण्याला नको. घासले की वरचा पातळ थर जातो, बारीक चरे पडतात, आणि जाणकार गिऱ्हाईक ते नाणे बाजूला सारतो. काळा पडलेला रुपया तसाच राहू द्या. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडाने टिपा, चोळू नका. हाताळताना काठाला धरा. ज्या रुपयाला गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेली आहे, त्याचे मोल बहुधा चांदीएवढेच उरते. बंजारा बायांच्या दागिन्यांत असे किती तरी रुपये आहेत. पण तो दागिना म्हणून त्यांची किंमत निराळी, तिथे नाण्याचा हिशेब लावू नये.

मोल कोण सांगणार? एकाच माणसाच्या शब्दावर जाऊ नका. नाणी जमवणाऱ्यांची प्रदर्शने शहरांत भरतात, तिथे दोघा-तिघांना दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. मुंबईला फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. तिथे खरी नाणी पाहिली की डोळा तयार होतो. एक गोष्ट मात्र पक्की. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, कर, दलाली या नावाने जो आधी पैसे मागतो तो ठग. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे पैसे मागतात. म्हणून २०२१च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, कोणाकडून त्यासाठी पैसे घेत नाही, आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. वैष्णोदेवीचे नाणे २०१२ साली निघालेले साधे चलनी नाणे आहे. त्याचे पाच रुपये दुकानात मिळतात.

नांगरताना नाणी सापडली तर

शेत नांगरताना किंवा जुने घर पाडताना गाडगे सापडते. तेव्हा पहिला विचार येतो तो वाटून घेण्याचा. तसे करू नका. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवले म्हणून सगळे जाते असेही नाही. चौकशी होऊन मालक कोणी निघाला नाही, तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा त्यात वाटा असतो. सरकारने ठेवा ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देण्याची तरतूद आहे. तलाठ्याला किंवा पोलीसपाटलाला सांगितले तरी अर्ज कसा करायचा ते कळते. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, तेही लक्षात असू द्या.

गाडगे सापडले तर गाडग्यासकट, आतल्या मातीसकट ठेवा. फुटले असेल तर खापऱ्याही जपा. जाणकार माणूस सगळी नाणी पसरून त्यांतले सगळ्यांत अलीकडचे नाणे शोधतो. गाडगे त्या नाण्याच्या आधी पुरलेले असू शकत नाही. पुरणाऱ्याचे नाव कुठे लिहिलेले नसते, पण त्याने ते कोणत्या काळात पुरले एवढे त्या एका नाण्यावरून सांगता येते. एक जरी नाणे खिशात गेले आणि ते नेमके तेच असले, तर सांगता येत नाही.